ओट्याचे पैसे जिप्सीत

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातला ओटा नवा करायचा म्हणून तीन वर्षं काटकसर करून पैसे साठवायचे, आणि ते सगळेच्या सगळे एका जुन्या मोटारीच्या पोटात घालायचे, याला तुम्ही काय म्हणाल? आमच्या शेजारणी जे म्हणाल्या तेच तुम्हीही म्हणाल. मीसुद्धा पहिले आठ दिवस तेच म्हणत होते, आणि बरंच मोठ्यानं!

पण गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

आम्ही राहतो नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. तुम्ही बेलापूरला आलात तर स्टेशनाकडची काचेची ऑफिसं बघून परत जाऊ नका. डोंगराच्या बाजूला सेक्टर आठमध्ये या. चार्ल्स कोरिया या नामवंत वास्तुशिल्पकाराने १९८०च्या दशकात सिडकोसाठी ही वसाहत आखली. सात घरं आणि त्यांच्या मधोमध एक अंगण, आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अशी तीन अंगणं मिळून आणखी एक मोठं अंगण. घराचे प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे काही वाडे नव्हेत. पण त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. एका घराची भिंत दुसऱ्याला लागू दिली नाही. का? तर ज्याच्याकडे जसे पैसे येतील तसं त्यानं आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याची परवानगी मागत बसू नये. आज एक खोली, पाच वर्षांनी वर माडी. आता बऱ्याच जणांनी मूळ घरं पाडून उंच बंगले उठवलेत, कोरियांना ओळख पटणार नाही असे. आमचं मात्र अजून कौलारूच आहे, आणि ओटाही मूळचाच, सांध्यातून गळणारा.

तर अशा अंगणात गेल्या हिवाळ्यात एक दिवस आमच्या ‘ह्यां’नी मारुती जिप्सी आणून उभी केली. २००८ सालची. रंग कुठला ते सांगता येत नव्हतं. मागचं ताडपत्रीचं छत चार ठिकाणी फाटलेलं. सात घरांची अंगणाकडची दारं एकदम उघडली.

आता यामागचं कारण. माझ्या सासूबाईंचं माहेर पनवेलच्या पलीकडे, नेऱ्याच्या पुढे, गाढी नदीच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्ता सोडला की एक ओढा आणि त्यापुढे कच्च्या वाटेनं चढण. उन्हाळ्यात कुठलीही गाडी जाते. पावसाळ्यात मात्र लाल चिखलात माणसाचे पाय रुततात. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या थोरल्या भावजय गेल्याचा फोन आला. आम्ही टॅक्सी करून निघालो. ओढ्याशी आल्यावर टॅक्सीवाला म्हणाला, “काकू, पुढे गाडी नाही न्यायची. अडकली तर मला धंद्याला मुकावं लागेल.” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हे आणि आमचे चिरंजीव चालत वर गेले. मी सासूबाईंजवळ टॅक्सीत बसून राहिले. अर्ध्या वाटेवर वरच्या बाजूनं धूर दिसायला लागला. पावसात ओली लाकडं, धूर दाट. त्या काही बोलल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. भाऊ वर एकटा आणि बहीण खाली टॅक्सीत. तेव्हापासून ह्यांच्या मनात ही गाडी बसली होती. मला कुठे माहीत होतं!

जिप्सीच का? नवी चार चाकांना जोर पुरवणारी मोटार घेण्याची आमची ऐपत नाही. जुनी डिझेल जीप ह्यांना नको होती. जिप्सी पेट्रोलवर चालते. १९८५ साली ती बाजारात आली आणि २०१९च्या सुमारास बंद झाली. पण सैन्यात, पोलिसांत आणि जंगल खात्यात इतक्या जिप्स्या होत्या की सुटे भाग आजही मिळतात. वजन हजार किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात कमी रुतते. आमची जुनी छोटी मोटार विकली, ह्यांच्या ग्रॅच्युइटीतली थोडी रक्कम घातली आणि गाडी घरी आली. आता तिला रस्त्याजोगी, म्हणजे खरं तर रस्ता नसेल तिथल्याजोगी करायला पैसे हवेत. डब्यात ओट्याचे साठ हजार होते. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. मी डबा पुढे केला, पण अट घातली. हिशेब मी ठेवणार.

बायकांनो, हिशेब आपल्या हातात ठेवला ते फार बरं झालं. कारण पुरुषांचं काय होतं, त्यांना आधी वरचं दिसतं. चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी यादी केली. गाडी चार इंच उंच करायची, मोठाले टायर, पुढे लोखंडी भक्कम दांड्यांचा बंपर, टपावर दिव्यांची रांग. या यादीतच साठ हजार संपत होते आणि ब्रेकचं नाव कुठेच नव्हतं! शिवाय त्यातलं बहुतेक कायद्यात बसतच नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीने दिलेली मूळ रचना मालकाने मनाला येईल तशी बदलायची नाही. पुढच्या लोखंडी बंपरविरुद्ध तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलेलं आहे. तो बंपर धडकेचा मार आपल्यापर्यंत पोचवतो, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याची गत विचारूच नका. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीनं बोट ठेवलं तर कोण निस्तरणार? चिरंजीव दोन दिवस फुगून बसले. मग स्वतःच हातात पाना घेऊन गाडीखाली गेले.

पहिला धडा गालिच्याखाली मिळाला. पायाखालचं रबरी मॅट उचललं तर खालचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला. हे स्क्रू-ड्रायव्हरनं टोचत गेले आणि तो आरपार जात राहिला. आमच्याकडे खाडीची खारी हवा, तिथे लोखंड टिकत नाही. हे घरच्या खिडक्यांच्या गजांवरून मला ठाऊक होतंच. पाणी निघून जायला कंपनीनं तळाला भोकं ठेवलेली असतात, ती मातीनं बुजली होती. पिंपाचा तळ सडतो तसाच प्रकार. वेल्डिंगवाल्याकडून ठिगळं लावून घेतली. मग दोघा बापलेकांनी अंगणात बसून तारेच्या ब्रशनं गंज घासला, त्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि मग रंग. रंग मूळचाच ठेवला, कारण बदलला तर आरटीओच्या पुस्तकात नोंद करावी लागते. हे सगळं साडेपाच हजारांत झालं. शेजारच्या काकांनी आपल्या घरातून विजेची तार ओढून दिली. पहिल्या दिवशी तेच सर्वांत जास्त कुरकुरले होते.

टायरची गोष्ट तर मुद्दाम सांगते, कारण ती तुमच्या गाडीलाही लागू आहे. आमच्या जिप्सीचे टायर दिसायला झकास होते, नक्षी चांगली खोल. पण टायरच्या अंगावर चार आकडे असतात, तिकडे आमच्या मिस्त्रीनं बोट दाखवलं. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३२१५’ म्हणजे २०१५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत, पण रबर वाळून कडेला बारीक चिरा पडलेल्या. घरी जाऊन आपापल्या गाडीचे आकडे बघा बरं. आम्ही कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाचेच, पण चिखलात धरून ठेवणारे जाड दातांचे चार नवे टायर घेतले. सव्वीस हजार! माझा अर्धा ओटा तिथेच गेला.

ब्रेकला साडेसात हजार. नळ्या, आतले रबर आणि तेल सगळंच बदललं. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या गाडीचं तेल काळ्या चहासारखं निघालं.

सामानासाठी ह्यांच्याबरोबर मीही कुर्ल्याला गेले. सीएसटी रोडवर दुतर्फा मोटारींच्या भागांची दुकानं. एकावर एक दरवाजे रचलेले, दिव्यांच्या माळा लटकलेल्या, आणि मधून चहावाला पोरगा धावतोय. भाव करायचा तिथे ह्यांना संकोच वाटतो. मी सरळ भाजीबाजारातलीच पद्धत वापरली, नापसंती दाखवून दुकानाची पायरी उतरायची. छत शिवायला लागणारे जुन्या गाडीचे पट्टे आणि कड्या दोन हजारांच्या बाराशेत मिळाल्या. धरून चार हजारांत छत दुरुस्त झालं.

जिप्सीला पुढेमागे कमानीचे पाटे असतात, बैलगाडीसारखी आदळत चालते असं लोक म्हणतात. कळंबोलीला ट्रकची कामं करणारे कारागीर आहेत. तिथे एकानं पाट्यांची चळत उघडून दाखवली. गंजून सगळे पाटे एकमेकांना चिकटलेले, मग ते लवणार कसे? घासून, ग्रीस भरून, टोकाचे रबरी बुश नवे घालून सहा हजार झाले. एकानं सल्ला दिला होता, एक पाटा काढून टाका, गाडी मऊ होईल. कारागीर म्हणाला, “ताई, चार माणसं बसली की बुड टेकेल.” मला तो माणूस आवडला. काम वाढवून सांगितलं नाही.

सगळ्यांत स्वस्त सुधारणा मात्र रबरी नळीची. चाकांच्या मधे जी लोखंडी पेटी असते, डिफरन्शियल म्हणतात तिला, तिच्यावर हवा जायला एक छोटं तोंड असतं. गाडी चालून पेटी तापते, आणि तशीच पाण्यात शिरली की एकदम गार होऊन त्या तोंडातून पाणी आत ओढते. आतलं तेल खराब. म्हणून तिथे नळी जोडून ती वर उंचावर नेऊन बांधायची. तीनशे रुपयांचं काम. नळी, ओढायचा जाड दोर आणि हवा भरायचा छोटा पंप मिळून एकतीसशे. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीचा प्लायवूडचा तुकडा मात्र फुकट, जुन्या कपाटातला. चिखलात नुसता जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो.

आता माझं काम. मागच्या बाजूला दोन आडवी बाकं, समोरासमोर. वरचं कापड फाटून आतला फोम भुगा झालेला. शिवून घेण्याचे आठ हजार सांगितले. म्हटलं, घरात मशीन कशाला ठेवलंय? पनवेलच्या बाजारातून रेक्झिन आणि दाबलेला जाड फोम आणला, बेचाळीसशे झाले. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. सुई १८ नंबरची घाला, टाका मोठा ठेवा. बारीक टाक्यानं रेक्झिन टिकलीच्या पाकिटासारखं फाटत जातं. टाचण्या लावू नका, भोक राहतं, त्यापेक्षा कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. पायपट्टीखाली रेक्झिन सरकत नसेल तर बोटभर टाल्कम पावडर चोळा. जुनं कव्हर उसवून तोच बेत कागदावर उतरवायचा, म्हणजे मापाची चिंता नाही. माझी एक शिवण तिरकी गेलीय. तिच्यावर मीच बसते.

राहिला प्रश्न सासूबाई चढणार कशा. गाडी उंच, गुडघे कृत्रिम. त्यांना पुढेच बसवायचं हे ठरलेलं, कारण पट्टा पुढे आहे. मागच्या आडव्या बाकांवर म्हाताऱ्या माणसाला मुळीच बसवू नये. पण पाय ठेवायचा कुठे? गाडीला कायमची पायरी लावली तर चिखलात तीच अडकणार. शेवटी मी जेवणाचे दोन जुने पाट काढले. चिरंजीवांनी त्यांना मधे उभे ठोकळे ठोकून नऊ इंच उंच चौरंग केला, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली म्हणजे पाय घसरायचा नाही, आणि कडेला दोरी बांधली. चढल्यावर दोरीनं चौरंग वर ओढून घ्यायचा. महिनाभर अंगणात सासूबाईंची रोज चढ-उतार चालली. सातही घरं गॅलरीत.

जुलै २०२५ मध्ये मामी जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा आम्ही निघालो. पाऊस रिपरिप लागलेला. बेलापूरहून पनवेलकडे जाताना उजव्या अंगाला विमानतळाचं काम दिसायचं; त्याचं उद्घाटन पुढे ८ ऑक्टोबर २०२५ला झालं. तिथे पूर्वी एक टेकडी होती, ती चक्क कापून काढली. सासूबाई म्हणाल्या, “डोंगर हलवता येतो, आणि माझ्या भावाच्या दारात चार पाट्या खडी पडत नाही.” यावर काय बोलणार?

पनवेलहून सुकापूरच्या वाटेला लागलं की त्या रस्त्याला माथेरान रोड म्हणतात. गंमत बघा, या रस्त्यानं मोटार माथेरानला जात नाही, आणि माथेरानमध्ये मोटारीला मज्जावच आहे! पण नेरे सोडलं की समोर माथेरानचं पठार लांबलचक भिंतीसारखं उभं राहतं. डावी-उजवीकडे भाताची खाचरं, गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बाया, मधूनच ढग बाजूला झाला की प्रबळगडाचा माथा आणि शेजारी कलावंतिणीचा सुळका. सगळ्या कड्यांवरून पांढऱ्या धारा. रस्त्याच्या कडेला ठाकूरवाडीतल्या बायका कंटोळी, भारंगी, टाकळा घेऊन बसतात. शहरापासून तासभराच्या अंतरावर हे आहे, आणि आपण नवी मुंबईकर सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये गोल गोल फिरतो.

डांबरी रस्ता सोडला आणि ओढ्याशी आलो तर बुटक्या फरशीपुलावरून पाणी वाहतंय. तांबडं, वेगानं. ह्यांनी गाडी थांबवली. चिरंजीव म्हणाले, “बाबा, जाईल की, नळ्या लावल्यात!” ह्यांनी किल्लीच काढून खिशात टाकली. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचा तोल जातो, फूटभर पाणी छोटी मोटार तरंगवू शकतं आणि दोन फूट बहुतेक गाड्यांना ओढून नेतं. गाडी हलकी म्हणून चिखलात तरते, पण तीच हलकी गाडी पाण्यात आधी वाहते. याच डोंगरांच्या रांगेत, खालापूरच्या बाजूला, १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे मोटारीची वाट नव्हती आणि मदत करणारी माणसं रात्री पावसात पायी चढून गेली. पावसाळ्यातल्या या डोंगरांशी पैजा लावू नयेत.

सासूबाई मात्र चिडल्या. “मग कशाला घेतलीत ही? त्या टॅक्सीत आणि हिच्यात फरक काय?” मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! साठ हजारांचा हिशेब डोळ्यांपुढे नाचला. थर्मासमधला चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. पण डोंगरातल्या ओढ्याचं पाणी जसं झरझर चढतं तसंच उतरतं. ह्यांनी काठावर काठी रोवून तिला माझी लाल रिबन बांधली होती. पावणेदोन तासांनी रिबन हातभर पाण्याच्या वर आली. मग फरशीचा दगड न् दगड दिसला. हे आधी काठीनं चाचपत पायी पलीकडे जाऊन आले, तेव्हा कुठे गाडी हलली.

पुढची चढण म्हणजे नुसता लोण्याचा गोळा. हे उतरून पुढच्या चाकांच्या मधोमध असलेलं कुलूप फिरवून आले, टायरमधली थोडी हवा सोडली म्हणजे टायर पसरून चिखल धरतो, आणि दुसरी छोटी दांडी खाली ओढली. गाडी मुंगीच्या पावलानं, न घसरता, न ओरडता चढायला लागली. मी मागे बाकावर दोन्ही हातांनी दांडा धरून. एकदा मागचं चाक फिरलं, चिखल छतापर्यंत उडाला, मी देवाचं नाव घेतलं. मग पुढच्या चाकांनी ओढून घेतलं.

मामा ओसरीवर उभे होते. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकून. हॉर्न ऐकून आले असतील. चिरंजीवांनी चौरंग खाली सोडला. सासूबाईंनी पाय ठेवला, उतरल्या. दोघं काही वेळ नुसतीच बघत राहिली. मग मामा म्हणाले, “आलीस, बाय?” आणि सासूबाई ज्या रडल्या, ते वर्षभराचं रडणं होतं. आम्ही तिघं चिखल धुवायच्या निमित्तानं विहिरीकडे गेलो.

येताना मागच्या बाकाखाली करटोली, अळूचे देठ आणि मामांनी आग्रहानं दिलेले दोन शेर तांदूळ. करटोली म्हणजे तीच कंटोळी, आमच्याकडे दोन्ही नावं चालतात. घरी पोचल्यावर आधी टायरमध्ये हवा भरली, दुसऱ्या दिवशी गाडी खालून भरपूर पाणी मारून धुतली. एकूण खर्च छप्पन्न हजार तीनशे. डब्यात तीन हजार सातशे उरले, त्यात ओट्याचे सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरून घेतले. अजून थोडं गळतं. खाली तसराळं ठेवलंय.

परवा शेजारच्या काकांनी अंगणात येऊन जिप्सीचं बाक दाबून बघितलं. त्यांच्या आईचं माहेर महाडच्या बाजूला आहे म्हणे, रस्ता फार वाईट. चौरंगाची उंची किती ठेवली, तेही विचारून गेले.